शुद्धीत नसलेल्या बाईची साक्ष

आइसलँडचं उदाहरण मी आजवर किती शिबिरांत दिलं असेल, त्याची गणती नाही. २४ ऑक्टोबर १९७५ हा दिवस. त्या दिवशी त्या चिमुकल्या देशातल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी काम बंद ठेवलं. ऑफिसातलं, मासळीच्या कारखान्यातलं, शाळेतलं आणि घरातलंसुद्धा. बाप पोरांना घेऊन कामावर गेले. राजधानी रेक्याविकच्या चौकात हजारो बायका जमल्या. बायका काय काय काम करतात ते देशाला एका दिवसात कळलं. ही गोष्ट सांगितली की शिबिरातल्या बायका आधी हसतात, मग गप्प होतात, आणि मग कुणीतरी हळूच म्हणते, "आपण असं एक दिवस केलं तर?" मग मी पुढचं सांगते. १९८० साली तिथे व्हिग्दीस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या. लोकांच्या थेट मतदानातून राष्ट्राध्यक्षपदी आलेल्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री. १९८३ साली बायकांनी निवडणुकीत स्वतःची वेगळी यादी उभी केली आणि संसदेत तीन जागा मिळवल्या. इथे टाळ्या पडतात. माझं सत्र संपतं.

अलीकडे मात्र मला वाटायला लागलं आहे की मी ही गोष्ट चुकीच्या जागेपासून सुरू करत आले. याला कारण एक लेखिका. तिच्या कथा मी इंग्रजी अनुवादातून वाचल्या आणि त्यानंतर कित्येक दिवस मला नीट झोप लागली नाही. तिचं नाव आउस्ता सिगुरदारदोत्तिर. ती १९७५ च्या संपात नव्हती. २१ डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ती गेली होती. एक कथासंग्रह, मासिकांतून आलेलं काही लेखन, थोड्या कविता, लिनोकट, रंगवलेली मातीची भांडी आणि बरीचशी कुप्रसिद्धी एवढं तिच्यामागे उरलं.

आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावं नसतात. सिगुरदारदोत्तिर म्हणजे सिगुरदुरची मुलगी. त्यामुळे तिथे राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्याच नावानं ओळखतात. मीही तिला आउस्ताच म्हणणार आहे. त्यात अनादर नाही. उलट ज्या बायकांचं नाव लोकांनी चघळून चघळून खराब केलं, त्यांचं नाव आपण स्वच्छ तोंडानं घ्यावं असं मला वाटतं.

आउस्ताचा जन्म १ एप्रिल १९३० चा. आइसलँडच्या पश्चिमेला स्नायफेल्सनेस नावाचा समुद्रात घुसलेला भूभाग आहे, तिथल्या लित्ला-ह्राउन नावाच्या शेतवाडीवरचा. घर गरिबाचं. वारा, लाव्हाचे खडक, मेंढरं आणि रात्री सांगितल्या जाणाऱ्या भुताखेतांच्या गोष्टी. चौदा वर्षांची असताना ती शिकायला रेक्याविकला आली. १९५० साली तिनं शिक्षिकेचं प्रशिक्षण पूर्ण केलं. खेड्यातली हुशार मुलगी शहरात येऊन मास्तरीण होते, हे चित्र आपल्याला किती ओळखीचं आहे! घरच्यांना अभिमान वाटावा असं ते चित्र. आउस्ता त्या चित्रात बसली नाही. ती चित्रकार, कवी, लेखक यांच्या घोळक्यात राहू लागली. पोटासाठी कला विद्यालयात विवस्त्र मॉडेल म्हणून बसू लागली. त्या वेळी सगळ्या आइसलँडची लोकसंख्या दीड लाखाच्या आत आणि रेक्याविकची साधारण छप्पन हजार. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. अशा गावात कोण कुणाबरोबर कुठे बसलं आणि काय प्यालं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं.

पण गावाची नजर एवढं म्हणून भागत नाही. ती नजर कशी तयार झाली होती, हे समजल्याशिवाय आउस्ताच्या लेखनाची धार कळणार नाही.

१० मे १९४० रोजी ब्रिटिश सैन्य आइसलँडमध्ये उतरलं. १९४१ पासून अमेरिकन सैनिक आले. लाख-सव्वा लाख वस्तीच्या देशात हजारो परदेशी तरुण. स्थानिक मुलींनी त्यांच्याशी बोलणं, नाचणं, प्रेमात पडणं याला तिथे एक शब्द रूढ झाला. त्या शब्दाचा अर्थ नुसता 'परिस्थिती' असा आहे. अमकी 'परिस्थितीत' आहे म्हटलं की सगळ्यांना समजायचं. पोलिसांनी मुलींच्या नावांच्या याद्या केल्या. १९४१ च्या सरकारी अहवालानं देशाची अब्रू बुडाल्याची हाकाटी केली. १९४२ साली क्लेप्यार्न्सरेकिर इथे अशा मुलींना सुधारण्यासाठी कोंडून ठेवणारं एक केंद्र उघडलं. ते वर्षभरही चाललं नाही, पण तिथे गेलेल्या मुलींच्या माथी बसलेला शिक्का जन्मभर पुसला गेला नाही. सैनिकांबरोबर व्यापार करणाऱ्या, त्यांच्या छावण्यांची कंत्राटं घेणाऱ्या पुरुषांच्या याद्या कुणी केल्या नाहीत. देशाची इज्जत कुठे ठेवायची याचा निर्णय सगळीकडे सारखाच होतो. ती बायकांच्या अंगावर ठेवायची आणि मग त्या अंगावर पहारा बसवायचा.

आउस्ता या पहाऱ्याच्या काळात वयात आली आणि १९५१ साली, एकविसाव्या वर्षी, तिनं आपली पहिली कथा छापली. 'जीवन आणि कला' अशा अर्थाचं नाव असलेल्या एका मासिकात. कथेचं नाव 'रविवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ'.

कथा एक तरुण बाई स्वतः सांगते. ती दारू प्यायलेली आहे. प्रतिष्ठितांच्या पार्टीत ती नकोशी होते आणि तिला बाहेर काढलं जातं. रस्त्यावर एक पुरुष मदतीचं सोंग घेऊन येतो आणि तिच्या अंगावर हात टाकतो. शेवटी एक साधा, अनोळखी माणूस काही न मागता तिला माणसासारखं वागवतो. एका रात्रीची गोष्ट. घटना एवढीच.

आता यात काय विशेष, असं कुणी म्हणेल. बाईवरच्या अत्याचाराच्या गोष्टी पुरुषांनी पुष्कळ लिहिल्या होत्या. त्यांत बाई निष्पाप असायची किंवा पतित असायची. निष्पाप असेल तर शेवटी मरायची आणि पतित असेल तर पश्चात्ताप करायची. आउस्ताची बाई यातलं काहीच करत नाही. ती प्यायलेली आहे, तिचा तोल जातो आहे, ती हास्यास्पद दिसते आहे, हे सगळं तीच सांगते. लपवत नाही, माफी मागत नाही. पण पाहणारे डोळे तिचेच आहेत. पार्टीतली सभ्य माणसं कशी आहेत हे आपल्याला तिच्या नजरेतून दिसतं. मदतीला आलेल्या पुरुषाचा चेहरा तिच्या नजरेतून बदलतो. शुद्धीत नसलेली बाई साक्ष देते आणि ती साक्ष खरी असते. मैत्रिणींनो, १९५१ सालात हे लिहिणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. त्या वेळी या गोष्टीला नाव द्यायला चळवळ नव्हती. सल्ला केंद्र नव्हतं, मोर्चा नव्हता, परिसंवाद नव्हता. एक मुलगी होती, तिच्यापाशी कागद होता.

कथेनं रेक्याविकमध्ये गदारोळ झाला. लोकांनी कथेतली बाई म्हणजेच आउस्ता असं धरलं. स्त्रीनं 'मी' म्हणून लिहिलं की ते कबुलीजबाब ठरतं आणि पुरुषानं लिहिलं की साहित्य, हा हिशेब आपल्याकडच्या आत्मकथा लिहिणाऱ्या बायकांना नव्यानं सांगायला नको. त्या दिवसापासून आउस्ता लेखिका कमी आणि 'ती' जास्त झाली.

तिच्याबरोबर त्याच कोंडाळ्यात पिणारे पुरुष होतेच. त्यांना काय म्हणायचे? कलंदर. आपल्याही भाषेत हा शब्द किती प्रेमानं वापरला जातो! कलंदर कवी, कलंदर चित्रकार, अवलिया. त्यांच्या बेहोशीच्या किश्शांवर मैफली रंगतात, स्मरणग्रंथ निघतात. या शब्दाचं स्त्रीलिंग मला कुठे सापडलं नाही. बाईसाठी जे शब्द आहेत ते इथे लिहायची गरज नाही, ते आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत.

आउस्ता लिहीत राहिली. १९६१ साली तिचा कथासंग्रह आला. त्याला तिनं पहिल्याच कथेचं नाव दिलं. आतली चित्रंही तिचीच आहेत. लिनोलियमचा तुकडा कोरून त्यावर शाई लावून छाप घ्यायचा, त्याला लिनोकट म्हणतात. त्यात करड्या छटा नसतात, काळं तरी असतं नाहीतर पांढरं. तिच्या कथांना हेच माध्यम शोभतं. जिथे अंधार आहे तिथे ती अंधारच ठेवते. पण कथेतल्या माणसांचा न्याय मात्र ती काळ्या-पांढऱ्यात करत नाही. तिनं आइसलँडच्या लोककथांतल्या पात्रांची चित्रं काढून पत्त्यांचा एक जोडही रेखाटला होता. लहानपणी ऐकलेली भुतं तिनं पत्त्यांवर आणून बसवली! या बाईला खेळ कळत होता, हसू कळत होतं. तिच्याविषयी लिहिणारे नुसती तिची दैना लिहितात तेव्हा हे सगळं बाजूला राहतं.

संग्रहातली एक कथा मला विसरता येत नाही. 'प्राण्याची गोष्ट'. एक सावत्र बाप लहान मुलीला गोष्ट सांगतो. एका प्राण्याचा पाठलाग होतो आहे, तो जीव घेऊन धावतो आहे. मुलगी घाबरते, तो सांगत राहतो. तिला ती गोष्ट नको असते, त्याला ती सांगायचीच असते. बस. बाकी काही आउस्ता लिहीत नाही. पण घरात मुलीवर काय चाललं आहे ते आपल्याला कळतं, आणि घरातल्या कुणाला ते दिसत नाही हेही कळतं. मुलांच्या लैंगिक शोषणाविषयी आपण आपल्या गटांत बोलायला लागलो त्याला फार वर्षं झाली नाहीत. सुरुवातीला आपल्यालाही शब्द सापडत नव्हते. आउस्तानं शब्दांशिवायच ते सांगून टाकलं होतं.

दुसरी एक कथा, 'स्वप्न', गर्भपाताची आहे. आइसलँडनं १९३५ सालीच गर्भपाताचा कायदा केला होता आणि आरोग्याच्या कारणाबरोबर बाईची सामाजिक परिस्थितीही विचारात घ्यायची तरतूद त्यात होती. त्या काळात हे फार पुढचं पाऊल. पण निर्णय डॉक्टरांच्या हातात होता. १९७५ च्या कायद्यानं बाईची वाट सोपी केली आणि २०१९ च्या कायद्यानं बाविसाव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंतचा निर्णय तिच्या हातात दिला. कायदा आणि बाईची रात्र यांच्यामध्ये केवढं अंतर असतं, ते आउस्ताच्या कथेत दिसतं. कायद्याच्या इतिहासात ती रात्र सापडत नाही.

आता तिच्या घराविषयी. हे मी भीत भीत लिहिते आहे, कारण याच विषयावर लोकांनी सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं. आउस्ता कवी थॉरस्टाइन फ्रा हाम्री याच्याबरोबर काही वर्षं राहिली. तो तिच्याहून आठ वर्षांनी लहान. त्यांना पाच मुलं झाली. कथासंग्रह आला तो याच धामधुमीत. म्हणजे ही बाई पाळणा हलवत, भांडी घासत, लिनोलियम कोरत, लिहीत होती. मग ते वेगळे झाले. दारू सुटली नाही. मुलं तिच्यापाशी राहिली नाहीत, दुसऱ्यांच्या घरी वाढली. तो कवी पुढे आपल्या भाषेतला फार मानाचा कवी झाला, २०१८ मध्ये वारला, आयुष्यभर त्याची पुस्तकं येत राहिली. मी त्याला दोष देत नाही. दोन माणसांच्या घरात काय घडलं याचा न्याय हजारो मैलांवरून मी करू नये. मी नुसता हिशेब मांडते आहे. त्याच घरातल्या एकाच्या नावावर कपाटभर पुस्तकं आहेत आणि दुसरीच्या नावावर तिच्या हयातीत एक.

आणि हा हिशेब आणखी एका बाईशी ताडून पाहावा असा आहे. स्वावा याकोब्सदोत्तिर ही आइसलँडची दुसरी मोठी कथालेखिका. तिचाही जन्म १९३० चाच. धर्मोपदेशकाच्या घरातली मुलगी, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकलेली. तिचा पहिला संग्रह १९६५ साली आला, 'बारा बायका' अशा अर्थाच्या नावाचा. तिच्या एका कथेत मुलांना आईचा मेंदू कसा दिसतो ते बघायचं असतं. ती तो काढून घेऊ देते आणि मग बिनमेंदूची नेटानं घरकाम करत राहते! वाचताना हसू येतं आणि मग ते घशात अडकतं. स्वावा १९७१ साली संसदेत निवडून गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आउस्ता वारली.

या दोघींना एकमेकींसमोर उभं करायचा माझा हेतू नाही. स्वावाचं काम फार मोलाचं आहे. पण बघा, स्वावानं घराच्या आत घुसमटणारी बाई लिहिली आणि आउस्तानं घराबाहेर फेकली गेलेली. चळवळ आली तेव्हा पहिल्या बाईला शब्द मिळाले, सभागृह मिळालं, मैत्रिणी मिळाल्या. १ मे १९७० च्या कामगार दिनाच्या मोर्चात रेक्याविकच्या बायकांनी व्हीनसचा एक भलामोठा पुतळा खांद्यावर घेतला. 'माणूस आहे, बाजारातला माल नाही' असं त्यावर लिहिलं होतं. त्यातून तिथल्या लाल मोजेवाल्या बायकांची चळवळ उभी राहिली. आउस्ता तेव्हा त्याच देशात जिवंत होती. चित्रकारांसमोर विवस्त्र बसून पोट भरलेली, त्या पुतळ्याचं ओझं अंगानं ओळखणारी. चळवळ आली, पण तिच्यापर्यंत पोचायला उशीर झाला होता.

मी आइसलँडच्या त्या बायकांना नावं ठेवत नाही. त्यांनी जे केलं त्याच्या दशांशही आपल्याकडून झालं तर मी समाधानानं डोळे मिटेन. पण त्या उशिराविषयी वाचताना मला माझ्याच हातून झालेला एक उशीर आठवला आणि झोप उडाली ती त्यामुळे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सल्ला केंद्राची वेळ संपत आली होती. मी कुलूप हातात घेऊनच उभी होते. एक बाई आली. केस विस्कटलेले, ओठ फुटलेला आणि तोंडाला दारूचा भपका. बोलणं तुटक, मधेच हसणं, मधेच शिव्या. आमच्याबरोबरची एक नवी कार्यकर्ती घाबरून मागे सरकली. मी त्या बाईला पाणी दिलं आणि म्हटलं, "बाई, आत्ता तू घरी जा. उद्या शुद्धीत असताना ये, आपण सगळं नीट लिहून घेऊ." ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "ताई, शुद्धीत असले तर सांगायची हिंमत व्हायची नाही." मी म्हटलं, "होईल, उद्या ये." ती आली नाही. नाव लिहून घेतलं नव्हतं, पत्ता नव्हता.

आम्ही नंतर त्याविषयी बोललो नाही. कुणाला त्यात चूकही वाटली नव्हती. दारू हा शब्द आपल्या चळवळीत फार भरलेला शब्द आहे. आडव्या बाटलीसाठी आपण गावोगाव मतदान घडवलं, भट्ट्या फोडल्या. पण त्या सगळ्या लढ्यात दारू म्हणजे नवऱ्याची दारू. पिणारा तो, मार खाणारी ती. पिणाऱ्या बाईसाठी आपल्या घोषणांत ओळ नव्हती, अर्जात रकाना नव्हता. तशा तर आइसलँडच्याही बायका दारूबंदीसाठी झटल्या होत्या. तिथे १९१५ पासून वीस वर्षं दारूबंदी होती आणि बिअर तर १ मार्च १९८९ पर्यंत बंदच होती. आउस्ताला दारू मिळाली. आसरा मात्र मिळाला नाही.

आपल्या कायद्याला हे आपल्याआधी कळलं होतं असं म्हणायची वेळ आली आहे. मथुरा खटल्याच्या निकालानंतर देशभर बायका रस्त्यावर आल्या, त्यातून १९८३ साली बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली. नशेमुळे काय घडतं आहे हे न समजणाऱ्या बाईची संमती ही संमती धरायची नाही, असं कलम तेव्हा आलं. तक्रार करणारी बाई 'तसलीच' होती असं पुराव्यात म्हणायची जी मुभा होती, ती पुढे २००२ च्या दुरुस्तीनं काढली. हे आपल्याच लढ्याचं फळ. प्रशिक्षणात मी ही कलमं शिकवते. आणि त्याच माझ्या हातून कुलूप लावताना एका बाईला उद्यावर टाकलं गेलं. मनातलं कलम बदलायला कायद्याहून जास्त वेळ लागतो.

यावर काही मैत्रिणी म्हणतील, मग काय आता पिण्याचंही समर्थन करायचं? दारूनं आउस्ताचं वाटोळं केलंच ना? हो, केलं. त्याला मी मुक्ती म्हणत नाही. तिच्या मुलांनी काय सोसलं असेल ते मी विसरत नाही. बाईनं बिघडून दाखवलं की ती बंडखोर झाली, असं मानणाऱ्यांतली मी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की बाईचं ऐकून घेण्यासाठी तिनं आधी चांगलं असलं पाहिजे, ही अट आपली नव्हे. ती त्या पोलिसांच्या यादीतली अट आहे, त्या पार्टीतल्या सभ्य माणसांची अट आहे. आपण ती नकळत उचलली. नीट नेसलेली, नीट रडणारी, क्रमवार सांगणारी, फक्त सोसलेली आणि काहीच न केलेली बाई आपल्याला समजायला सोपी जाते. तिची केस उभी राहते, तिचा फोटो पोस्टरवर चालतो. बाकीच्यांना आपण उद्या यायला सांगतो.

दुसरी गोष्ट. आउस्ताला आपण शोकांतिका करून टाकू नये. तिच्या देशानं तिला हळूहळू परत बोलावलं आहे. १९८५ साली तिच्या कथा आणि कविता एकत्र छापल्या गेल्या, १९९२ साली तिचं चरित्र आलं, २०२१ साली तिथल्या राष्ट्रीय रंगभूमीवर तिच्यावर नाटक झालं. हे चांगलंच आहे. पण सुंदर, दुर्दैवी, व्यसनी, अल्पायुषी अशी बाई मेल्यावर सगळ्यांनाच आवडते. तिच्यावर हळहळायला काही लागत नाही. तिचं लेखन वाचायला मात्र लागतं, कारण ते आपल्याकडे बघतं. ज्या रात्री पार्टीतून ती बाहेर काढली गेली, त्या रात्री आपण पार्टीतले होतो की रस्त्यावरच्या त्या साध्या माणसासारखे, हा प्रश्न ते वाचताना टाळता येत नाही.

म्हणून पुढच्या शिबिरात मी आइसलँडची गोष्ट सांगेन ती १९५१ पासून. एका मुलीनं लिहिलेल्या एका रात्रीपासून. मग १९७५ चा चौक येईल, तोही तितक्याच आनंदानं सांगेन. संपात नव्वद टक्के बायका होत्या, हे सांगताना आता मला उरलेल्या दहा टक्क्यांविषयीही विचारावंसं वाटतं. कोण असतील त्या? कुणाला सुट्टी घेता आली नसेल, कुणाला पटलं नसेल, आणि कुणी त्या दुपारी चौकात येण्याच्या स्थितीतच नसेल.

आमच्या केंद्रात आम्ही अलीकडे एक छोटा बदल केला आहे. बाई नशेत आली तरी तिला परत पाठवायचं नाही. तिला बसवायचं, खायला द्यायचं, रात्रीची सोय बघायची, आणि ती जे बोलेल ते तारीख-वेळ घालून तिच्याच शब्दांत टिपून ठेवायचं. तुटक असेल तर तुटक. तक्रार लिहायची की नाही ते ती सकाळी ठरवेल. यात अडचणी पुष्कळ आहेत. रात्री थांबायला माणूस लागतं, जागा लागते, कार्यकर्त्या दमतात, कधी शिव्याही खाव्या लागतात. परवा आमच्याच बैठकीत यावरून वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. तुमच्या गटांत अशा वेळी काय करता? तुमच्या रजिस्टरमध्ये अशा बाईसाठी रकाना आहे का? जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात आपण यावर बोलू.